उथळ पाणी आणि नायट्रोजनचा हिशेब

विद्यार्थी मित्रहो, दोन पाणबुड्यांच्या गोष्टीने सुरुवात करू या. पाणबुड्या म्हणजे पाण्याखाली उतरून काम करणारा माणूस. पहिला पाणबुड्या समुद्रात ३० मीटर खोल गेला, तेथे त्याने २० मिनिटे काम केले आणि तो सावकाश वर आला. दुसरा फक्त १२ मीटर खोल उतरला. पण एका धक्क्याचे खांब तपासत तो तेथे चार तास राहिला आणि मग तोही तसाच सावकाश वर आला. सांगा पाहू, दोघांपैकी जास्त धोका कोणी पत्करला?

तुमच्यापैकी बहुतेकजण पहिल्याचे नाव घेतील. खोल पाणी धोक्याचे आणि उथळ पाणी बिनधोक, असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. परंतु आज जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध तक्त्याप्रमाणे पहिल्याचे वागणे नियमाला धरून आहे, तर दुसऱ्याने मर्यादा ओलांडली आहे. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण तुम्हाला ठाऊक आहेच. पण आज ज्या धोक्याची ओळख करून घ्यायची आहे, तो उथळ पाण्यात मुळीच आवाज करीत नाही. तासन्‌तास तो मुकाट्याने साठत राहतो आणि माणूस वर आल्यावर, कधी कधी घरी जाऊन जेवायला बसल्यावर, प्रकट होतो. हे कसे घडते ते पायरीपायरीने पाहू.

पाण्याचे ओझे

समुद्रसपाटीला आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो, त्याला एक वातावरण दाब म्हणतात. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खाली गेले की त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर एकूण दाब २ वातावरणे, २० मीटरवर ३ आणि ३० मीटरवर ४.

एवढ्या दाबाखाली छाती फुगविता यावी म्हणून पाणबुड्याला तेवढ्याच दाबाची हवा श्वासासाठी द्यावी लागते. पाठीवरच्या सिलिंडरला जोडलेले उपकरण हेच काम करते. हवेचा सुमारे एक पंचमांश भाग ऑक्सिजन आणि जवळजवळ चार पंचमांश भाग नायट्रोजन असतो. ऑक्सिजन शरीर वापरून टाकते. नायट्रोजनचा मात्र शरीराला श्वासावाटे काहीच उपयोग नसतो. तो फुप्फुसांतून रक्तात विरघळतो, रक्ताबरोबर सगळीकडे जातो आणि तेथे नुसता बसून राहतो.

किती नायट्रोजन विरघळेल? याचे उत्तर विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ साली दिले. द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाबरोबर वाढते. दाब दुप्पट झाला की विरघळलेला वायूही दुप्पट. आपल्या शरीरात आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, सुमारे एक लिटर नायट्रोजन विरघळलेला आहे. तुम्ही १० मीटर खोल पाण्यात खूप वेळ राहिलात तर त्याचे दोन लिटर होतील. 'खूप वेळ' हे शब्द लक्षात ठेवा. आजच्या पाठाचे सारे मर्म त्यांतच आहे.

करून पाहा

सोडावॉटरच्या दोन सारख्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. झाकण बंद असताना आत पाहा. एकही बुडबुडा दिसणार नाही, कारण दाबाखाली कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात विरघळलेला आहे. आता मोरीत उभे राहून पहिल्या बाटलीचे झाकण एकदम उघडा. बुडबुडे फसफसून वर येतील. दुसऱ्या बाटलीचे झाकण मात्र किंचित सैल करा, थोडा वायू सुस्कारत बाहेर पडू द्या आणि लगेच पुन्हा घट्ट करा. थोड्या थोड्या वेळाने असे अनेकदा करा. शेवटी झाकण पूर्ण काढले तरी फारसा फेस येणार नाही.

दोन्ही बाटल्यांतून वायू बाहेर पडला. पहिलीत दाब एकाएकी उतरला म्हणून त्याचे बुडबुडे झाले, तर दुसरीत त्याला निघून जायला सवड मिळाली. पाणबुड्या वर येतो तेव्हा त्याच्या अंगावरचा दाब असाच उतरत असतो. साठलेला नायट्रोजन रक्तातून फुप्फुसांत येऊन श्वासावाटे निघून गेला तर ठीक. त्याला सवड मिळाली नाही, तर रक्तात आणि शरीराच्या ऊतींत बुडबुडे तयार होतात. यातून होणाऱ्या विकाराला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी दाबविकार म्हणू.

पूल बांधणाऱ्यांचे दुखणे

दाब उतरला की सजीवाच्या शरीरात बुडबुडे होऊ शकतात, हे रॉबर्ट बॉइल यांनी १६७० साली नोंदवून ठेवले होते. निर्वात केलेल्या भांड्यातील एका विषारी सापाच्या डोळ्यात त्यांना हलणारा बुडबुडा दिसला. पण माणसांना याचा फटका बसला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तो पाणबुड्यांपेक्षाही पूल बांधणाऱ्या मजुरांना.

नदीच्या तळाशी खांबाचा पाया खणायचा तर पाणी दूर ठेवले पाहिजे. त्यासाठी केसन नावाची प्रचंड पेटी नदीच्या तळावर पालथी ठेवीत आणि तीत दाबाखालील हवा भरीत. हवेमुळे पाणी आत येत नसे आणि मजूर कोरड्या तळावर खणत असत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे काम १८७० मध्ये सुरू झाले. त्याचा एका बाजूचा पाया पाण्याखाली सुमारे १३ मीटर, तर दुसऱ्या बाजूचा सुमारे २४ मीटर होता. पाळी संपवून वर आलेल्या मजुरांचे गुडघे, खांदे, कोपरे असह्य दुखू लागत. कित्येकजण वेदनेने वाकून चालत, म्हणून या दुखण्याला इंग्रजीत 'बेंड्स' म्हणजे वाकणे असे नाव पडले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग हेही १८७२ मध्ये या विकाराने जायबंदी झाले. पुढचे काम त्यांनी घरातून चालविले आणि त्यांच्या पत्नी एमिली त्यांच्या सूचना कामावर पोहोचवीत. १८८३ मध्ये पूल खुला झाला.

आपल्याकडेही १९४३ मध्ये खुल्या झालेल्या हावडा पुलाचा पाया घालताना मजुरांनी असेच दाबाखालील हवेत काम केले होते.

या दुखण्याचे कारण नायट्रोजनचे बुडबुडे आहेत, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रयोगांनिशी दाखवून दिले. आता पुढचा प्रश्न होता: वर यायचे तरी कसे?

हॉल्डेन आणि बकऱ्या

हा प्रश्न ब्रिटिश नौदलाने जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाकडे सोपविला. त्यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेत एका पोलादी टाकीत बकऱ्यांना दाबाखाली ठेवले आणि वेगवेगळ्या रीतींनी दाब उतरवून पाहिला. बकरीचा सांधा दुखू लागला की ती पुढचा पाय उचलून धरी. तेवढ्यावरून रोग झाला की नाही हे कळे. त्यानंतर माणसांवर समुद्रात चाचण्या झाल्या. १९०६ सालच्या त्या चाचण्यांत हॉल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगाही उथळ पाण्यात उतरला होता. पोशाख त्याच्या मापापेक्षा मोठा होता आणि पाणी आत शिरत राहिले, तरी तो सुखरूप वर आला. हा मुलगा म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. ते १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले, त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले.

हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की, सुमारे १२.५ मीटरपर्यंतच्या खोलीवरून थेट वर आलेल्या माणसाला हा विकार झाल्याचे त्यांच्या पाहण्यात नव्हते. म्हणून दाब निम्म्यावर आणणे सुरक्षित आहे, असा नियम त्यांनी बसविला. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची होती. शरीराच्या सगळ्या ऊती सारख्याच वेगाने नायट्रोजन घेत नाहीत. काही झटपट भरतात, काही अगदी संथपणे.

पहिल्या गोष्टीने लोकांच्या मनात उथळ पाण्याविषयी निर्धास्तपणा आणला. दुसरी गोष्ट नीट समजून घेतली, तर तो निर्धास्तपणा का चुकीचा आहे हे कळते.

पातेले आणि रांजण

एका भरलेल्या हौदात दोन रिकामी भांडी काठापर्यंतच बुडवून धरली आहेत अशी कल्पना करा. एक आहे मोठे भोक असलेले पातेले, दुसरा आहे बुडाशी सुईएवढे छिद्र असलेला रांजण. पातेल्यात पाणी भराभर शिरून बाहेरच्या पातळीला येईल. रांजणात ते थेंब थेंब शिरेल. थोड्या वेळाने दोन्ही वर काढा. पातेले जड झालेले असेल, रांजण जवळजवळ रिकामा. पण तुम्ही ती तासन्‌तास बुडवून ठेवलीत तर रांजणही भरेल. आणि एकदा भरलेला रांजण वर काढल्यावर रिकामा व्हायलाही तितकाच वेळ घेईल, कारण पाणी बाहेर पडायलाही तेच छिद्र.

रक्त, मेंदू यांसारख्या ऊतींना रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. ही आपली पातेली. सांध्यांभोवतालच्या ऊती आणि चरबी यांना रक्त कमी मिळते. त्यातून चरबीत पाण्याच्या सुमारे पाचपट नायट्रोजन विरघळतो. हे आपले रांजण.

ऊती भरण्याचा वेग हॉल्डेननी 'अर्धकाल' या कल्पनेने मोजला. बाहेरचा दाब वाढल्यावर जेवढी भर पडायची आहे, तिच्यातील निम्मी पडायला लागणारा वेळ म्हणजे त्या ऊतीचा अर्धकाल. एका अर्धकालात निम्मी भर, दोन अर्धकालांत पाऊण, तीन अर्धकालांत सात अष्टमांश, याप्रमाणे. हॉल्डेननी ५ मिनिटांपासून ७५ मिनिटांपर्यंतचे पाच अर्धकाल धरले होते. नंतरच्या संशोधकांना कितीतरी अधिक संथ ऊती मानाव्या लागल्या.

आता हिशेब करू

वही-पेन्सिल घ्या. दोन ऊती धरू: जलद ऊती, अर्धकाल ५ मिनिटे, आणि संथ ऊती, अर्धकाल १२० मिनिटे. सोपेपणासाठी हवेचे चार पंचमांश म्हणजे ०.८ भाग नायट्रोजन मानू. पृष्ठभागावर प्रत्येक ऊतीत नायट्रोजनचा दाब ०.८ वातावरण असतो.

पहिला पाणबुड्या, ३० मीटर, २० मिनिटे. येथे जास्तीचा दाब ३ वातावरणे, म्हणून नायट्रोजनची पूर्ण भर ३ × ०.८ = २.४.
जलद ऊती: २० मिनिटे म्हणजे चार अर्धकाल. भर पडली सोळापैकी पंधरा भाग, म्हणजे २.२५. एकूण ३.०५.
संथ ऊती: २० मिनिटे म्हणजे अर्धकालाचा सहावा भाग. भर पडली सुमारे ११ टक्के, म्हणजे ०.२६. एकूण १.०६.

दुसरा पाणबुड्या, १२ मीटर, २४० मिनिटे. जास्तीचा दाब १.२ वातावरण, पूर्ण भर १.२ × ०.८ = ०.९६.
जलद ऊती: पूर्ण भरली. एकूण १.७६.
संथ ऊती: २४० मिनिटे म्हणजे दोन अर्धकाल. भर पडली पाऊण, म्हणजे ०.७२. एकूण १.५२.

पाहिलेत? खोल जाणाऱ्याची जलद ऊती जास्त भरली आहे, पण संथ ऊतीत उथळ पाण्यातल्या माणसाने जवळजवळ पावणेतीनपट भर घातली आहे.

तुम्ही म्हणाल, ३.०५ हा आकडा १.५२ पेक्षा मोठा आहे, मग धोका पहिल्यालाच जास्त नाही का? येथेच खरी मेख आहे. अमेरिकी नौदलाचे डॉक्टर रॉबर्ट वर्कमन यांनी १९६५ मध्ये दाखविले, की प्रत्येक ऊतीची सहनशक्ती वेगळी असते. पृष्ठभागावर येताना ५ मिनिटांच्या ऊतीला सुमारे ३.१५ वातावरणांपर्यंतचा नायट्रोजन चालतो, पण १२० मिनिटांच्या ऊतीला जेमतेम १.५८ पर्यंत. जलद ऊती माणूस वर येता येताच रिकामी होऊ लागते, त्यामुळे बुडबुड्यांना वाढायला वेळ मिळत नाही. संथ ऊतीत जादा नायट्रोजन तासन्‌तास टिकतो आणि एखादा बुडबुडा तयार झालाच, तर त्याला खाद्य पुरवीत राहतो.

म्हणजे आपले दोन्ही पाणबुडे आपापल्या कड्याच्या टोकाशी उभे आहेत. फरक पुढे पडतो. वर आल्यावर वीस मिनिटांत पहिल्याच्या जलद ऊतीतील भर २.२५ वरून ०.१४ वर येते. दुसऱ्याच्या संथ ऊतीत ०.७२ ची भर निम्मी व्हायलाच दोन तास लागतात. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची पाणबुड्यांत चांगली प्रथा आहे. जलद ऊतींना तिचा फायदा होतो, पण रांजणातले पाणी तीन मिनिटांत दोन टक्केही कमी होत नाही.

तक्ते बदलले

कागदावरचा हा हिशेब प्रत्यक्षात कितपत खरा ठरला? अमेरिकी नौदलाच्या १९५० च्या दशकातील तक्त्यात, वाटेत न थांबता थेट वर येता येईल अशी जास्तीत जास्त वेळ ३०.५ मीटरसाठी २५ मिनिटे होती. २००८ च्या सुधारित तक्त्यातही ती २५ मिनिटेच आहे. आता उथळ पाण्याचे आकडे पाहा. १२.२ मीटरसाठी जुनी मर्यादा २०० मिनिटे होती, ती १६३ झाली. १०.७ मीटरसाठी ३१० मिनिटे होती, ती २३२ झाली. खोल पाण्याचा आकडा जागच्या जागी राहिला आणि उथळ पाण्यातील लांब मुक्कामाला कात्री लागली. संथ ऊतींना आपण पूर्वी जेवढे सोशीक समजत होतो, तेवढ्या त्या नाहीत हाच याचा अर्थ. आपला चार तास राहिलेला पाणबुड्या या १६३ मिनिटांच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेला होता.

याहूनही उथळ पाण्याची परीक्षा १९८० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत झाली. स्वयंसेवकांना ९ मीटर खोलीइतक्या दाबात सलग ४८ तास ठेवून थेट बाहेर आणले, तेव्हा त्यांतील काहींना दाबविकाराची लक्षणे झाली. हॉल्डेनच्या १२.५ मीटरपेक्षा ही खोली कमी होती! पुढे ३.७ ते ६.२ मीटर इतक्या कमी दाबाचे प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत कोणी आजारी पडले नाही, परंतु ध्वनिलहरींच्या उपकरणाने तपासल्यावर कितीतरी जणांच्या शिरांतील रक्तात बुडबुडे आढळले. हॉल्डेन चुकले असे मात्र म्हणू नका. त्यांच्या काळचे पाणबुडे एवढा वेळ खाली राहतच नसत, त्यामुळे त्यांच्या नियमाची या बाजूने कसोटीच लागली नव्हती.

पाण्याखालचे घर

रांजण पूर्ण भरला तर काय करावे लागते? अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ 'ॲक्वेरियस' नावाची पाण्याखालची प्रयोगशाळा आहे. तिच्यातील हवेचा दाब पृष्ठभागाच्या सुमारे अडीचपट, म्हणजे जेमतेम १५ मीटर खोलीइतका. २००१ पासून अंतराळवीरांनाही तेथे सरावासाठी पाठविण्यात आले. २००२ मध्ये सुनीता विल्यम्स काही दिवस तेथे राहिल्या होत्या. तेथे राहणाऱ्यांच्या सगळ्या ऊती, पातेली आणि रांजण, काठोकाठ भरलेल्या असतात. परत येण्यापूर्वी त्यांना सुमारे १७ तास प्रयोगशाळेतच थांबावे लागते. त्या वेळात आतला दाब हळूहळू उतरवून पृष्ठभागाइतका आणतात. आपल्या सोड्याच्या दुसऱ्या बाटलीसारखेच हे.

पण आता एक गंमत होते. आत दाब कमी, बाहेर पाण्याचा दाब जास्त, त्यामुळे दार उघडणार कसे? म्हणून शेवटी प्रयोगशाळेतील दाब पुन्हा पहिल्याइतका वाढवितात आणि सारेजण बाहेर पडून काही मिनिटांत पोहत वर येतात. मग १७ तासांची मेहनत वाया जात नाही का? उत्तर तुम्ही आता स्वतः देऊ शकाल. तेवढ्या काही मिनिटांत रांजणात पाणी शिरतेच किती?

धोका कोणाला?

तुम्ही सुट्टीत मालवण-तारकर्लीला गेलात आणि प्रशिक्षकाबरोबर आठ-दहा मीटर पाण्यात वीस मिनिटे प्रवाळ पाहून आलात, तर दाबविकाराची भीती जवळजवळ नाही. तेथे तुम्ही एकच नियम पाळायचा: वर येताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. कारण दाब उतरताना फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते आणि कोंडलेल्या हवेने फुप्फुसांना इजा होऊ शकते. हा धोका वेगळा, आणि तो तीन-चार मीटरवरही असतो.

दाबविकाराचा धोका आहे तो उथळ पाण्यात दिवसभर राबणाऱ्याला. जहाजांचे तळ खरवडणारे, बंदराचे खांब दुरुस्त करणारे, मासे पाळण्याची जाळी तपासणारे, शिंपले आणि शेवंड गोळा करणारे, आणि पर्यटकांना एकामागून एक खाली नेणारे मार्गदर्शक, ही सारी मंडळी खोल जात नाहीत. म्हणूनच ती निर्धास्त असतात.

पाठीवर सिलिंडर असेल तर तो नकळत रखवालदाराचे काम करतो. १२ मीटरवर साधारण तासाभरात हवा संपते आणि माणसाला वर यावेच लागते. पण नौकेवरच्या कॉम्प्रेसरमधून लांब नळीने हवा घेणाऱ्याला हा रखवालदार नाही. कॉम्प्रेसर चालू आहे तोवर हवा येतच राहते. तेथे घड्याळ हाच एक रखवालदार, आणि त्याच्याकडे कोणी पाहिले तर!

दुसरी चूक पुन्हा पुन्हा उतरण्याची. सकाळी भरलेला रांजण दुपारी अर्धाच रिकामा झालेला असतो. त्यावर दुपारची भर, दुसऱ्या दिवशी आणखी भर. म्हणून तक्त्यात आधीच्या बुडीचा शिल्लक नायट्रोजनही धरावा लागतो.

तिसरी चूक समुद्राबाहेरची आहे. विमानातील हवेचा दाब सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका कमी असू शकतो. म्हणून एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास, आणि अनेक बुड्या किंवा अनेक दिवसांच्या कामानंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असा सल्ला देतात. डोंगर चढणे हाही विमानाचाच धाकटा भाऊ. हे बंधन ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात. मालवणहून आंबोली घाट चढून आलात तर तुम्ही सुमारे ६९० मीटर उंचीवर पोहोचता. दिवसभर पाण्याखाली काम करून त्याच संध्याकाळी घाट चढणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

लक्षणे आणि उपाय

दाबविकाराची लक्षणे बहुधा वर आल्यानंतर काही तासांत दिसतात, क्वचित दुसऱ्या दिवशीही. खांदा, कोपर, गुडघा यांत खोलवर ठणका लागतो. अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, फार थकवा येतो. मज्जारज्जूला इजा झाली तर पाय बधिर होतात, लघवी अडते, चालता येत नाही. शिवाय वर्षानुवर्षे दाबाखाली लांब पाळ्या करणाऱ्यांच्या खांद्याच्या आणि खुब्याच्या हाडांचे भाग निर्जीव होऊ शकतात. ते क्ष-किरण चित्रातच कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

'आज जड ओझे उचलले म्हणून खांदा दुखत असेल' किंवा 'एवढ्याशा पाण्यात काय होणार' असे म्हणून दुखणे अंगावर काढणे, ही सर्वांत मोठी चूक. अशा माणसाला आडवे झोपवावे, शक्य तर शुद्ध ऑक्सिजन द्यावा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. तो किती खोल आणि किती वेळ होता, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगाव्या. खरा उपचार दाबकक्षात होतो. तेथे रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवतात, म्हणजे बुडबुडे आक्रसतात, आणि ऑक्सिजन देत दाब सावकाश उतरवितात. त्याला पुन्हा समुद्रात उतरवून बरे करण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये.

तर मित्रहो, पाणबुड्याला 'किती खोल गेला होतास?' हा एकच प्रश्न विचारून भागत नाही. 'किती वेळ होतास?' आणि 'याआधी केव्हा उतरला होतास?' हेही विचारले पाहिजे. तुमच्या गावात, तुमच्या घरात कोणी पाण्याखाली काम करणारे असेल, तर आज हा रांजणाचा हिशेब त्यांना जरूर समजावून सांगा.

स्वाध्याय

१. एका ऊतीचा अर्धकाल ६० मिनिटे आहे. पाणबुड्या १० मीटर खोलीवर तीन तास राहिला. त्या ऊतीतील नायट्रोजनचा एकूण दाब किती होईल?

२. लेखातील दुसरा पाणबुड्या वर येऊन दोन तास थांबला. त्याच्या संथ ऊतीत किती जादा नायट्रोजन शिल्लक असेल? तो त्याच खोलीवर पुन्हा दोन तास उतरला तर ही भर किती होईल?

३. ॲक्वेरियसमधील माणसे शेवटी दाब वाढवूनही सुखरूप वर का येऊ शकतात, ते अर्धकालाच्या भाषेत चार ओळींत लिहा.

उत्तरे: (१) तीन अर्धकालांत ०.८ ची सात अष्टमांश भर, म्हणजे ०.७, एकूण १.५ वातावरणे. (२) शिल्लक ०.३६. पूर्ण भर ०.९६, उरलेले अंतर ०.६०, त्यातील निम्मे ०.३०, म्हणून ०.६६. पहिल्या वेळी दोन तासांत ०.४८ चीच भर पडली होती, हे ताडून पाहा. (३) हे उत्तर वर्गात एकमेकांना वाचून दाखवा आणि शिक्षकांकडून तपासून घ्या.